आबांच्या दिव्याचं बटण

शाल्मली खेळून घरी आली, तर आबा आजही अंधारातच बसलेले.

"दिवा लाव," ती म्हणाली. टेबलावरचा दिवा लगेच लागला. लागणारच! बोललेलं ऐकणाऱ्या या घरांचा शोध तिच्या आबांनीच लावला होता. त्यांत बटणं अशी नव्हतीच. पण गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आबांचा आवाज कायमचा गेला. आता त्यांचं घर त्यांचंच ऐकेना. साध्या दिव्यासाठी रोज कुणाला बोलावून आणणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून ते गुपचूप अंधारात बसत. शाल्मलीला ते बघवत नव्हतं.

न बोलता दिवा लागावा कसा?

घरातला यंत्रमानव गोमा यानं आधी टाळीवर लागणारा दिवा करून पाहिला. झालं, आईनं भाकऱ्या थापायला घेतल्या की इकडे दिव्याची उघडझाप सुरू. तो बेत सोडावा लागला.

"आबा, पूर्वी भिंतीवर बटण असायचं ना? तसंच बसवू या," शाल्मली म्हणाली. आबांनी होकारार्थी मान हलवली.

गोमानं तिला समजावलं, "वीज फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) येते, दिव्यातून जाते आणि न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) माघारी फिरते. हा फेरा पुरा झाला तरच दिवा लागतो. बटण म्हणजे फेऱ्यातलं दार."

"मग दार कुठंही बसवलं तरी चालेल?"

"कुठंही," गोमा ठासून म्हणाला.

मेन स्विच बंद केल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही, एवढं मात्र त्याला पाठ होतं. त्यानं वीज बंद केली, सॉकेटमधला ऐकणारा भाग काढला, तिथून खाटेपर्यंत तार नेऊन बटण बसवलं आणि मेन पुन्हा चालू केला. खट्. दिवा लागला. खट्. विझला. शाल्मली नाचायलाच लागली.

आबांनी मात्र खुणेनं टेस्टर (वीज आहे का ते दाखवणारा स्क्रू-ड्रायव्हर) मागितला आणि सॉकेटला लावला. दिवा बंद होता, तरी टेस्टर लालभडक पेटला.

शाल्मलीचा चेहरा पडला. "बटण तर बंद आहे. मग वीज कुठून आली?"

आबा तिला अंगणात घेऊन गेले. नळाला बागेची लांब नळी लावलेली होती. तिचं टोक त्यांनी शाल्मलीला अंगठ्यानं दाबून धरायला लावलं आणि नळ सोडला. पाणी पडेना, पण नळी टम्म फुगली. अंगठा जरासा सरकला आणि फवारा थेट तिच्या तोंडावर. मग आबांनी नळच बंद केला. नळी मऊ पडली.

शाल्मली ओल्या तोंडानं नळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गोमा, तू दार परतीच्या तारेवर बसवलंस. वीज थांबली, पण सॉकेटपर्यंत येऊन टपून बसली. आबांचा हात लागला असता तर?"

"जोराचा झटका बसला असता," गोमा म्हणाला. "चुकलं माझं. दार फेजवर हवं, सॉकेटच्या आधी."

पुन्हा मेन बंद करून त्यानं बटण फेजवर घेतलं. या वेळी बटण बंद केल्यावर टेस्टर पेटला नाही. आबांनी लगेच कागद ओढला आणि ऐकणाऱ्या घरांचा नवा आराखडा काढायला घेतला. त्यात प्रत्येक खाटेशेजारी एक बटण होतं.

संध्याकाळी शाल्मली अभ्यासाला बसली होती. समोर आबांच्या खोलीत दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, विझला. बिघडला की काय, म्हणून ती धावत गेली. आबा बटणावर बोट ठेवून हसत होते.

"काही हवंय का, आबा?"

त्यांनी खाटेवरची शेजारची जागा थोपटली. ऑपरेशन झाल्यापासून आबांनी आज पहिल्यांदाच तिला हाक मारली होती.