बोटाला न लागलेला रंग

शशीने उजव्या हाताची तर्जनी खिडकीच्या उजेडात धरली. नखाच्या कडेला किंवा पेरांच्या रेषांत, कुठेही निळं नव्हतं. सोमवारी याच बोटाने तिने भिंतीवर टांगलेल्या या कापडाला हात लावला होता, तेव्हा लागलेला रंग दोन अंघोळी झाल्यावर कुठे निघाला होता. आज बुधवार. तिने कापडावर पुन्हा बोट घासलं, या वेळी जोरात, दहापर्यंत मोजत. बोट स्वच्छच राहिलं.

"मोहन, तुझं बोट दे."

"माझं कशाला? तुझी दहा आहेत ना?"

"माझ्या एका बोटावरून काही सिद्ध होत नाही."

मोहन तिचा धाकटा भाऊ, वय अकरा. त्याने कुरकुरत बोट घासलं. तेही स्वच्छ निघालं, म्हणजे मोहनचं बोट जेवढं स्वच्छ असू शकतं तेवढं.

१९८९ सालची ईस्टरची सुट्टी होती. लेस्टरच्या एल्डरटन हॉलमध्ये त्या दिवशी दुपारी तीन वाजता एका प्रदर्शनाचं उद्घाटन होणार होतं. 'कानो: पाहायलाच हवीत अशी पाच ठिकाणं' असं त्याचं नाव. कानो हे नायजेरियातलं फार जुनं शहर. हॉलच्या आसपास राहणारी मुलं प्रेक्षकांची गाइड होणार होती आणि प्रत्येकाला एकेक ठिकाण वाटून दिलं होतं. शशीकडे कुर्मी बाजार होता, जिथे पाचशे वर्षांपूर्वीपासून सहाराच्या वाळवंटातून उंटांचे तांडे येत. मोहनकडे दाला टेकडी होती. तिच्या पायऱ्या चढून वर गेलं की सगळं शहर दिसतं, असं तो पाठ करत होता. जाळी आणि कागदाच्या लगद्याची ती टेकडी त्याने स्वतः बनवली होती. तिचा माथा सपाट असायला हवा होता, पण ती समोशासारखी झाली होती आणि सगळे तिला समोसाच म्हणत होते. मातीची तटबंदी आणि अमीराचा वाडा मोठ्या मुलांकडे होता.

पाचवं ठिकाण राबीचं. राबी शशीच्या वर्गात होती आणि मुळात कानोचीच होती. कोफार माता वेशीजवळ जमिनीत खोल, गोल खड्डे आहेत. त्यांत शेकडो वर्षं कापड निळीत बुडवून रंगवतात. राबीचे आजोबा तिथले रंगारी होते. ते गेल्या हिवाळ्यात वारले. भिंतीवर टांगलेलं कापड त्यांनी रंगवलेलं शेवटचं कापड होतं. राबीच्या आईने, हदीझा आंटीने, ते प्रदर्शनापुरतं दिलं होतं. एरवी ते कागदात गुंडाळून पेटीत असायचं. आजोबा गेल्यापासून ते पांघरायचं धाडस घरात कोणी केलं नव्हतं. हॉलच्या अध्यक्षीणबाई मिसेस कार्लाइल तीन आठवडे विचारत होत्या, की कापड कायमचंच हॉलला देणार का? काचेमागे छान राहील. हदीझा आंटी दर वेळी म्हणायच्या, विचार करून सांगते.

राबी आली. शशीने तिला कापडाजवळ नेलं. राबीने हातही लावला नाही. ती फक्त एक पाऊल मागे सरकली.

"हे आजोबांचं नाही."

"नक्की?"

"आजोबांचं कापड अरुंद पट्ट्या शिवून केलंय. माझ्या तीन बोटांएवढी एक पट्टी. यात शिवण कुठे आहे? आणि ते चमकतं. रंगवून झाल्यावर त्यावर निळीची पूड टाकून लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, तासन्‌तास. म्हणून तर रंग अंगाला लागतो. हे म्हणजे..." ती शब्द शोधत थांबली.

"पडदा," मोहन म्हणाला.

तिघं मिस्टर प्रेवेटकडे गेली. प्रदर्शनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि त्या क्षणी ते चहाच्या मोठ्या भांड्याची तोटी दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की कापड तेच आहे, दिव्यांमुळे वेगळं दिसत असेल. शेजारी कप पुसत असलेल्या मिसेस लॅम्ब मात्र लालबुंद झाल्या. त्या हॉलमध्ये मदतीला येत आणि मुलांना नेहमी बिस्किटं देत. आज त्यांनी मुलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

राबी म्हणाली, कापड तेच नसेल तर ती त्यासमोर उभी राहून बोलणार नाही. मिस्टर प्रेवेट आता वळले. असले आरोप पुन्हा ऐकू आले तर तिघांचे गाइडचे बिल्ले काढून घेऊ, म्हणाले, आणि त्यांनी मुलांना मागच्या खोलीतल्या खुर्च्या आणायला पाठवलं.

"मी खुर्च्या आणणार नाही," राबी बाहेर येऊन म्हणाली.

"आणू की," शशी म्हणाली. "मागच्या खोलीत जायला आपल्याला त्यांनीच सांगितलंय. जाता जाता बघू."

मागच्या दाराची चौकट नुकतीच पांढरी रंगवलेली होती. मोहनला तिच्यावर कमरेच्या उंचीला एक निळा फराटा दिसला. शशीने आधी त्याच्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. मोहनच्या खिशातलं पेन नेहमी गळत असे.

"मी नाही. दर वेळी मीच का?"

"दर वेळी तूच असतोस म्हणून. थांब, तपासू या."

तिने प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस आणि स्पिरिट आणलं. मोहनच्या बाहीवरच्या डागाला स्पिरिट लावताच शाई विरघळली आणि कापूस निळाजांभळा झाला. मग दुसऱ्या बोळ्याने चौकटीवरचा फराटा टिपला. स्पिरिट उडून गेलं. फराटा जसाच्या तसा राहिला.

"निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्येही नाही," शशी म्हणाली. "आई कानोच्या शाळेत मुलींना हाच प्रयोग दाखवायची."

शशीची आई, सुलक्षणा, लग्नानंतर पाच वर्षं कानोच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. आता ती लेस्टरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची.

"म्हणजे आजोबांचं कापड इथून गेलं," राबी हळूच म्हणाली.

पुढचं सोपं होतं. कापडानेच जाताना खुणा ठेवल्या होत्या. जिन्याच्या कठड्यावर एक पुसट पट्टा होता. ऑफिसच्या दाराच्या मुठीवर निळं होतं. आत टेलिफोनशेजारी एका लाँड्रीचं कार्ड पडलं होतं आणि त्यावर पूर्ण अंगठा उमटला होता, रेषांसकट.

शशीने नंबर फिरवला आणि जमेल तेवढ्या मोठ्या माणसाच्या आवाजात विचारलं की एल्डरटन हॉलचं निळं कापड तयार आहे का. पलीकडच्या बाईने पावती वाचून दाखवली: रंग सुटतो, सुटायचा थांबेपर्यंत गरम पाण्यात धुवावे. बारा वाजताच्या घाण्यात जाणार, तीनच्या आत काही मिळणार नाही. शशीने कापड तसंच थांबवून ठेवायला सांगितलं. पावती ज्यांच्या नावावर आहे त्या मिसेस लॅम्बनी सांगितलं तरच थांबवू, असं म्हणून बाईने फोन ठेवला.

"पण नीळ विरघळत नाही म्हणालीस ना?" मोहनने विचारलं.

"विरघळत नाही. पण वर कुटून बसवलेली पूड सुटेल. चमक जाईल."

"चमक म्हणजेच आजोबा," राबी म्हणाली. "रंगवतात सगळेच."

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. हदीझा आंटी नर्स होत्या आणि दोनपर्यंत ड्युटीवर होत्या. मिसेस लॅम्ब तोवर घरी गेल्या होत्या आणि त्यांचा नंबर मुलांना माहीत नव्हता. मिस्टर प्रेवेटना सांगण्यात अर्थ नव्हता. शशीने घरी फोन करून आईला सगळं क्रमाने सांगितलं. आई म्हणाली, निघते.

"आई येऊन 'जाऊ दे' म्हणेल," बसमध्ये मोहन म्हणाला. ते खरं होतं. दुकानात चुकीची वस्तू मिळो, रांगेत कोणी पुढे घुसो, आईचं उत्तर एकच असे. तिने आवाज चढवलेला दोघांनीही कधी ऐकला नव्हता.

लाँड्री कालव्याजवळ होती. आत वाफ कोंडली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती. एका उघड्या यंत्रासमोर चाकांची गाडी उभी होती आणि तिच्यात, हॉटेलच्या टेबलक्लॉथच्या ढिगाशेजारी, वेगळ्या पिशवीत आजोबांचं कापड होतं. पिशवीच्या तोंडातून ते ताज्या कोळशासारखं चमकत होतं.

काउंटरवरची बाई फोनवरचीच होती. तिचं नाव मिसेस टॉम्पकिन्स. पावती मिसेस लॅम्बच्या नावावर आहे, पावतीशिवाय कापड देता येणार नाही, नियम म्हणजे नियम. शशीने सांगून पाहिलं की पावती हॉलची असली तरी कापड हॉलचं नाही. मिसेस टॉम्पकिन्स म्हणाल्या, असं प्रत्येकजण म्हणेल.

"तुम्ही पावती धुता का कापड?" मोहनने विचारलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा राबी काउंटरच्या फळीखालून आत शिरली, सरळ गाडीपाशी गेली आणि पिशवी मांडीवर घेऊन टेबलक्लॉथच्या ढिगावर बसली.

"ऊठ तिथून," मिसेस टॉम्पकिन्स म्हणाल्या.

"नाही. हे धुवायचं असेल तर मलाही धुवा."

शशी तिच्या शेजारी जाऊन बसली. मोहन मागोमाग. गाडी करकरली. यंत्रावरचा म्हातारा कामगार हात पुसत पाहत राहिला. मिसेस टॉम्पकिन्सनी पोलिसांचं नाव काढलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आई आत आली. ती बसथांब्यापासून पळत आली असावी, कारण तिच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात होतं. मिसेस टॉम्पकिन्सनी तिला आनंदाने हाक मारली, या मुलांना घेऊन जा, म्हणाल्या.

आईने मुलांकडे पाहिलं. राबीच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मोहनने ओठ हलवून शशीला दाखवलं: जाऊ दे.

"गाडीत जागा आहे का?" आईने विचारलं. "मोहन, सरक थोडा."

आणि ती बसली. चांगल्या कोटासकट.

बसल्या बसल्या ती मिसेस टॉम्पकिन्सशी नेहमीच्याच आवाजात बोलली. हे कापड करणाऱ्या माणसाला मी काम करताना पाहिलंय, म्हणाली. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. यातून सुटणारा रंग ही चूक नाही, तेच त्याचं काम आहे. तुम्ही ते धुतलंत तर तुमच्या पावतीप्रमाणे अगदी बरोबर वागाल आणि एक गोष्ट जगातून नाहीशी कराल. मिसेस लॅम्बना फोन करा. तोपर्यंत आम्ही बसलोय.

म्हातारा कामगार पुढे आला. त्याने तीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात रंगखात्यात काढली होती. पिशवीतून दिसणाऱ्या टोकावर त्याने अंगठा फिरवला आणि अंगठा वळवून पाहिला.

"हे गरम पाण्यात?" तो म्हणाला. "मी यंत्र चालू करणार नाही, ग्लेंडा. तू कर."

ग्लेंडा टॉम्पकिन्सनी फोन उचलला आणि मिसेस लॅम्बचा नंबर फिरवला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी एल्डरटन हॉल भरला होता. हदीझा आंटी ड्युटीच्या गणवेशातच धावत आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसून भिंतीवरच्या कापडाकडे कपाळाला आठ्या घालून पाहत होत्या. मिस्टर प्रेवेट भाषणाचा कागद घेऊन उभे होते. तेवढ्यात मागून राबी आली. कापड तिच्या खांद्यांवर होतं. तिची मान निळी झाली होती, एक गालही.

मिस्टर प्रेवेटनी दबक्या आवाजात तिला ते काढून ठेवायला सांगितलं. राबी त्यांना वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"माझ्यामागे टांगलेलं कापड दुकानातलं आहे," ती म्हणाली. "कोफार माताचं कापड हे आहे. या, हात लावून बघा. ज्याच्या बोटाला रंग लागणार नाही त्याने माझ्यावर विश्वास ठेवू नये."

पहिली शशी उठली, तिच्यामागे आई, मग म्हाताऱ्या बायका, मुलं. हॉलमध्ये एकामागून एक निळी बोटं वर होऊ लागली. मोहन ती मोजत होता.

मिसेस लॅम्ब चहाच्या टेबलापाशी रडवेल्या उभ्या होत्या. त्याच पुढे येऊन सगळ्यांसमोर बोलल्या. पांढऱ्या भिंतीला रंग लागलेला पाहून त्यांना वाटलं, कापड कच्च्या रंगाचं आहे. हदीझाला लोकांसमोर लाज वाटू नये म्हणून त्यांनी ते गुपचूप पक्कं करून आणायचं ठरवलं. तीनपर्यंत येणार नाही असं कळल्यावर तात्पुरतं दुसरं टांगलं. त्या म्हणाल्या, मी विचारायला हवं होतं. मिस्टर प्रेवेटनी भाषणाची घडी करून खिशात घातली. ते म्हणाले की आज सकाळी तीन गाइडनी त्यांना खरं सांगितलं होतं आणि त्यांनी चहाच्या तोटीकडे जास्त लक्ष दिलं. मग त्यांनी तिघांची माफी मागितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मिसेस कार्लाइलनी तिघांशी हात मिळवले. आईला त्या म्हणाल्या, तुमची मुलं फार हट्टी आहेत, आणि ते कौतुक होतं. आई म्हणाली, हो, आजच माझ्याही लक्षात आलं. मग मिसेस कार्लाइल हदीझा आंटींकडे वळल्या. यापुढे कापडाला कोणाचाही हात लागणार नाही, काचेची पेटी उद्याच मागवू, म्हणाल्या. फक्त तुम्ही हो म्हणा.

हदीझा आंटी राबीपाशी गेल्या. खांद्यावरून घसरलेली कापडाची कड त्यांनी सारखी केली. मग राबीच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि तो निळा अंगठा पाहत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे काचेमागे जाणार नाही, आणि पेटीतही नाही. हे राबी पांघरेल."