चूलबंद आवतण

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यासोबत घडली आहे. पटली तर पटली, नाही पटली तर सोडून द्या. मला ती कुठेतरी सांगायची होती, एवढंच.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मागच्या वर्षीच्या ईस्टरची भर दुपार होती, आणि उन्हानं डोकं फुटायची वेळ आली होती.

जागा म्हणजे आमची वाडी. जुन्नर तालुक्यात, मढच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत. पंचवीस-तीस घरं. त्यात येशूच्या प्रार्थनेला जाणारं घर एकच, आमचं.

माझे मालक गोकुळ खूप प्यायचे. ओतूरच्या प्रार्थनेत जायला लागले आणि दारू सुटली. मग मीही जायला लागले. नव्यानं विश्वासात आलेलं माणूस कसं असतं ठाऊक आहे ना? मी तशीच. सगळ्या जगाला सुधारायला निघालेली. त्यात जीभ आधीच तिखट.

माझी आई चिमाबाई त्याच वाडीत राहायची. वाघोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास न घेणारी. एकदा माझी मुलगी तापली, तर आईनं येऊन तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला.

मी कात्री आणली. आईच्या समोर दोरा कापला.

आणि म्हणाले, "मेलीस की नरकाच्या आगीत जाशील तू. मग मला हाक मारू नकोस."

आई उठली. पदर सावरला आणि गेली.

त्यानंतर माझ्या दारात आलीच नाही. अकराव्या दिवशी शेतात पडली. मी पोचले तेव्हा संपलेलं होतं.

पुढची दोन वर्षं मी कशी काढली, माझं मला माहीत. डोळा लागला की आग दिसायची. कारण मी बोलले होते ते मला तेव्हा खरंच वाटत होतं.

मग ओतूरला प्रार्थना घ्यायला हौशीराम काका आले. रिटायर्ड मास्तर, आवाज एकदम मऊ. मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "कुठली आग, पोरी? तुझी आई झोपलीय. एक दिवस सगळ्यांना उठवणार हायेत. ज्यांना कधी नीट कळलंच न्हाई, त्यांना शांतपणे शिकवतील, मग इचारतील. प्रत्येकाला संधी हाय. देव काय आपल्यासारखा चिकट हाय व्हय?"

"माझ्या आईलाबी?"

"झाडून सगळ्यांना."

त्या दिवशी मी दोन वर्षांनी पोटभर जेवले.

ईस्टरची प्रार्थना आमच्या वाडीत ठेवायची ठरली. आदल्या दिवशी मी घरोघर आवतण द्यायला निघाले. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी, म्हणजे घरातल्या एका माणसानं यायचं. दुसरं चूलबंद. म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही.

वाडीत मी घरटी आवतण दिलं. तेवढीच ऐपत होती.

परत येताना अंधारायला लागलं होतं. वाटेत मसणवट लागते. आईला तिथेच अग्नी दिला होता. मन नुसतं भरून आलं होतं. सगळ्यांना संधी आहे, सगळ्यांना... हेच डोक्यात फिरत होतं.

मी वाटेवर थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "आये, उद्या जेवायला ये. तूबी ये, सगळ्यांनी या. चूलबंद आवतण हाय!"

बोलले आणि माझं मलाच हसू आलं.

पण वारा थांबला होता...

रातकिड्यांचा आवाज थांबला होता...

मी भरभर घरी आले.

सकाळी चहा ठेवायला चूल पेटवली. पेटेना. लाकडं खडखडीत वाळलेली. काडी ओढली की विझायची. रॉकेल ओतलं, तरी विझली. गोकुळनं गॅस लावून पाहिला. वास येत होता, पण जाळ धरत नव्हता.

तेवढ्यात शेजारची साळुबाई दारात आली.

"जये, काडेपेटी दे गं. माझी चूल पेटंना."

तिच्या मागून आणखी एक बाई आली. मग आणखी एक.

मी बाहेर येऊन पाहिलं. एकाही घरावर धूर नव्हता...

सगळ्या वाडीची चूल बंद होती.

मला कालचं आवतण आठवलं; मसणवटीतली माणसं ह्याच घरांतली होती. मी फक्त साळुबाईच्या कानात सांगितलं.

जेवण ओतूरहून शिजवून यायचं होतं. पिकअपमधून भाताची आणि आमटीची पातेली आली. माणसं आली. वाडीतून मात्र एकटी साळुबाई आली. बाकीच्यांना आमच्या मांडवात यायचा संकोच.

बारा वाजता प्रार्थना सुरू झाली. गाणं सुरू झालं. आम्ही वीस-बावीस जण असू.

आवाज जास्त येत होता...

मागच्या बाजूने. शब्द येत नसलेलं माणूस जसं नुसतं गुणगुणतं, तसा. मी वळून पाहिलं. मागच्या सतरंज्या रिकाम्या होत्या.

पण मधेमधे दबलेल्या होत्या.

वाडीतलं एकही कुत्रं दिसत नव्हतं. जेवणाची वेळ, आणि एकही कावळा नव्हता.

पंगत बसली. एका ओळीत आमची माणसं. समोरची ओळ वाडीकरांसाठी मांडलेली, ती रिकामीच. गोकुळ भाताचं घमेलं घेऊन आमच्या ओळीत वाढत होते. मधेच थांबले.

"जया... त्या पत्रावळ्या कोण सरकवतंय?"

समोरच्या पत्रावळ्या पुढे सरकत होत्या. एकेक. भुकेलं माणूस पान पुढे ओढून घेतं तशा.

कुणी ओरडलं नाही.

हौशीराम काका उठले.

"वाढा," ते म्हणाले. "कुणाला न्हाई म्हणू नका."

गोकुळनं वाढलं. गरम भात. पानावर पडला की एका क्षणात त्याची वाफ जायची. भात तसाच, पण थंडगार. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच.

शेवटच्या पानावरची वाफ मात्र निघत राहिली...

तिथं कुणीच बसलं नव्हतं.

साळुबाई माझ्या कानाशी आली. तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी बोललीच.

"चिमी आली न्हाई गं. ती रुसून गेल्याली व्हती. रुसल्यालं माणूस नुसत्या आवतणानं येतं व्हय? हाताला धरून आणावं लागतं."

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे तीच रीत आहे. मानाचं माणूस रुसलं, तर ज्यानं दुखावलं त्यानंच उठून जायचं आणि हाताला धरून पंगतीत आणून बसवायचं. दुसऱ्या कुणी आणलेलं चालत नाही.

मी मांडवाबाहेर आले. मसणवटीकडे जाणाऱ्या पायवाटेवर उभी राहिले. ऊन रणरणत होतं. समोर कुणी नव्हतं.

"आये, चुकलं माझं. लई चुकलं. चल, जेवायला चल."

मी हात पुढे केला.

बराच वेळ काही झालं नाही...

मग हातात हात आला.

दिसत काही नव्हतं. पण हात होता. खरखरीत. पहिल्या बोटाचं पेर अर्धंच. भात कापताना विळ्यानं तुटलेलं आईचं ते पेर. मी ते हजारदा कुरवाळलेलं आहे.

मी रडायला लागले. तिला घेऊन मांडवाकडे निघाले. एक पाऊल. दोन पावलं. ती येत होती. खरंच येत होती.

तिसऱ्या पावलाला तिनं माझा हात घट्ट धरला. खूप घट्ट. लहान मूल गर्दीत घाबरून धरतं, तसा.

तो हात घाबरलेला होता, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की मेलेल्या माणसानं मला धरलंय.

मी हात झटकला.

पूर्ण ताकदीनं. किंचाळून.

मग वारा सुटला. कुठूनतरी कुत्रं भुंकलं. वाडीत एका घरावर धूर दिसला, मग दुसऱ्या, मग सगळ्यांवर. मांडवात आले तर समोरची ओळ नुसतीच भातानं भरलेली होती. शेवटच्या पानावरची वाफही गेली होती, पण ती सावकाश, भात निवतो तशी.

पुढे मी तीनदा त्या वाटेवर गेले. हात पुढे करून उभी राहिले. काही आलं नाही.

काकांना विचारलं, तिला परत संधी मिळेल ना? काका म्हणाले, "देवाकडं मिळंल, पोरी. त्याच्याकडं मिळंल."

माझा त्यावर विश्वास आहे. आजही आहे. तो दिवस येईल. आईला उठवतील. कुणीतरी तिच्यापुढे हात करेल आणि म्हणेल, चल.

पण मी एकदा झटकल्यावर ती पुन्हा कुणाचा हात धरेल का?

हे मी काकांना विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.