जेथ्रोचा पहिला ग्लास

सकाळची माझी कामं ठरलेली असतात. शेगडीतली राख काढायची, पंपांच्या मुठी पुसायच्या, तळघरात उतरून पिंपांचा समाचार घ्यायचा. आमच्याकडची बियर जिवंत असते. पिंपात आल्यावरही ती आंबत राहते, श्वास घेते, गाळ खाली बसायला तिला दोन दिवस निवांत पडू द्यावं लागतं. बाळंतिणीसारखं जपायचं तिला. मग काउंटरवरच्या पंपाची मूठ हाताने ओढायची, की ती तळघरातून वर येते. रात्रभर नळीत झोपलेली बियर बादलीत जाते. ती कुणाला पाजत नाहीत.

त्यानंतर येतो तो पहिला खरा ग्लास. तो जेथ्रो सग्डनचा.

आमचं गाव क्लॅगडेन, लोकरीच्या गिरण्यांचं. माझ्या पबचं नाव ‘द शटल’, म्हणजे मागाचा धोटा. मी हेटी मिजली. शाळेत फार गेले नाही, बारा-तेराव्या वर्षीच मागावर लागले. पण बियर नासली की नाही हे मला पायरीवरूनच वासाने कळतं, आणि माणूस नासका असेल तर त्याच्याही आधी.

जेथ्रो रंगखान्यात होता. जन्मभर निळीच्या कुंडात हात, त्यामुळे नखं निळीच. रोज पब उघडताना हा पहिला दारात. पहिला ग्लास त्याचा, काउंटरच्या टोकाला, खिडकीपाशी. तो पिईपर्यंत बाकीचे मागायचे नाहीत. त्याने ग्लास रिकामा केला की पिंप चांगलं. अर्धा ठेवला तर पिंप थकलं. नुसता हुंगून ठेवला तर पिंप कोवळं, घाईने फोडलेलं. तोंडाने एक अक्षर बोलायचा नाही.

मग जेथ्रो मेला. मी हा पब चालवायला घेतला त्याच्या कितीतरी आधीच मेला होता. पण ग्लास चालूच होता.

मला हे पहिल्या दिवशी क्लॅरन्सने सांगितलं. क्लॅरन्स ऑगडेन, म्हातारा विणकर, जीभ कात्रीसारखी.

“हेटी, पहिला ग्लास तिकडे ठेव. जेथ्रोचा.”

“मेलेल्या माणसाला बियर पाजायला मी काय खुळी आहे?”

“बाई गं, जिवंत माणसांना पाजतेस ती तरी कुठे पिण्यासारखी आहे? ठेव!”

ठेवला. म्हटलं, यातला कोणता चोर पितो ते बघतेच. ग्लाससमोर हाताची घडी घालून उभी राहिले. पापणी लववली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी नाही. आणि मला शिंक आली. शिंकून बघते, तर ग्लास अर्धा. आतल्या बाजूने फेसाचं ओलं कडं खाली उतरलेलं, जसं माणूस प्यायल्यावर राहतं तसं. जवळपास चिटपाखरू नव्हतं. फक्त ओल्या लोकरीचा वास... आणि त्यात थोडी नीळ.

भांडले मी. कुणाशी भांडले ते विचारू नकोस. हवेशीच. “जेथ्रो सग्डन, हा माझा पब आहे!” म्हणून ओरडले. एकदा त्याने ग्लासाला तोंड लावलं नाही, तरी मी हट्टाने तेच पिंप विकलं. दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली संडासाबाहेर रांग लावून उभी होती, आणि त्या रांगेत मी पण होते. त्यानंतर नाही भांडले.

असं बरं चाललं होतं, तोवर बियर कंपनीचे प्रेस्टविच साहेब आले.

तेव्हा सगळीकडे हाताचे पंप काढून टाकायची टूम निघाली होती. त्याऐवजी लोखंडी डबे, आत मेलेली बियर, मागून गॅस सोडायचा. बटण दाबलं की फसकन ग्लासात. पब कंपनीचा, मी नुसती चालवणारी. पंप गेले तर मला चार महिन्यांत जागा सोडावी लागणार होती. गॅसवाला पब चालवायला कंपनी तरुण जोडपी बसवायची, माझ्यासारखी तोंडाळ बाई नको होती. आणि माझं राहणं त्या पबाच्या वरच. दुसरं घर नाही.

“ग्राहकांना काय वाटतं ते विचारूनच आम्ही ठरवतो,” प्रेस्टविच साहेब म्हणाले. तरुण, गुळगुळीत दाढी, बूट असे की त्यात तोंड बघावं. नोव्हेंबरचा दिवस होता. बाहेर धुकं इतकं दाट की भर सकाळी मी दिवे लावले होते.

आता आमच्या लोकांची खोड ऐक. क्लॅगडेनमध्ये कुणी कशाची स्तुती करत नाही. बायकोची नाही, देवाची नाही, बियरची तर नाहीच. स्तुती केली की ती वस्तू बिघडते असं मानतात. शिव्या जितक्या जास्त, तितका जीव जास्त. हे बाहेरच्याला कुठून कळणार? आणि आमच्या गाढवांना, एक दिवस तरी तोंड सांभाळावं, हे कुठून सुचणार?

“बियर कशी वाटते आपल्याला?” साहेबांनी क्लॅरन्सला विचारलं.

“पाणी आहे. कालव्याचं.”

“आणि तुम्हाला, मॅडम?”

मिसेस लम शेगडीजवळ आपला छोटा ग्लास रिकामाच घेऊन, जेथ्रोचं व्हायची वाट बघत बसल्या होत्या. ऐंशी वर्षांची बाई, रोज तीच खुर्ची. “माझ्या मांजरीला दिली होती. घर सोडून गेली बिचारी.”

“मग इथे का येता?”

“पाय दुखतात. पुढचा पब लांब आहे.”

सगळे खूश होऊन हसले. मी काउंटरमागे फडका पिळत होते, त्यांची मान समजून.

“मत अगदी स्पष्ट आहे, मिसेस मिजली,” साहेब म्हणाले. “लोक कंटाळलेत.” आणि बोलता बोलता त्यांनी काउंटरच्या टोकाला हात लांबवला, जेथ्रोचा अजून भरलेलाच असलेला ग्लास उचलला आणि तोंडाला लावला.

क्लॅरन्स खुर्चीतून उठला.

“साहेब... तो ठेवा,” क्लॅरन्स म्हणाला. त्याचा असा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

साहेब थांबलेच नाहीत. थांबता येत नव्हतं असं वाटलं. डोळे मोठे होत गेले, गळ्याची गाठ खालीवर, खालीवर. दिवे मंद झाले. ओल्या लोकरीचा वास एवढा आला की मिसेस लमनी रुमाल नाकाला लावला. ग्लास रिकामा झाला. साहेबांनी तो ठेवला, वरचा ओठ मनगटाने पुसला... आपल्यासारखा नाही, रंगखान्याचे लोक पुसतात तसा. हाताची बोटं तोंडाला लागू न देता.

“माझी टोपी कुठे आहे?” ते म्हणाले. टोपी डोक्यावर होती.

दुसऱ्या दिवशी पहिला ग्लास ओढून ठेवला, तोच टेलिफोन वाजला.

“मिसेस मिजली... प्रेस्टविच बोलतोय, ऑफिसातून. आज... आज पिंप बदललंत का?”

“बदललं. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तोंडात चव आली. बसल्या जागी. थोडं कोवळं आहे. उद्यापर्यंत थांबा.” आणि फोन ठेवला.

मी तळघरात जाऊन बघितलं. खरंच कोवळं होतं. घाई मीच केली होती.

त्या दिवसापासून जेथ्रोचा ग्लास भरलेलाच राहू लागला. कोणी तोंड लावेना. आणि रोज पब उघडायच्या वेळी फोन. “आज छान उतरलीय.” “आज नळी धुवा, आंबूस लागतेय.” माणूस बस पकडून तासभर गेल्यावर जिथे पोचतो, त्या ऑफिसात बसून माझ्या बियरची चव सांगत होता, आणि एकदाही चुकला नाही.

आमची मंडळी निर्लज्ज. आठवड्यात रुळली. आत येऊन कोट काढायच्या आधी क्लॅरन्स विचारायचा, “साहेबाचा फोन आला का?”

“आला. चांगली आहे म्हणाले.”

“मग दे एक ते गटाराचं पाणी.”

पण एकदा मी साहेबांना विचारलंच, “घाबरत नाही तुम्ही?”



“चवीला नाही घाबरत,” ते हळूच म्हणाले. “चव फार सुंदर असते हो. पण पिताना... माझ्या खुर्चीमागे कोणीतरी उभं असतं. माझं संपायची वाट बघत.”

मग डिसेंबरात कंपनीच्या मोठ्या साहेबांची बैठक ठरली. प्रेस्टविचनी पहिल्याच दिवशी आपला अहवाल दिला होता, गिऱ्हाईकं बियरला कालव्याचं पाणी म्हणतात म्हणून. आता परत कसा घेणार? “तुम्ही या,” ते फोनवर म्हणाले. “मला एकट्याला जमणार नाही.”

मी पबला कुलूप घातलं. माझ्या काळात उघडायच्या दिवशी पहिल्यांदा. किल्ली एकच, ती पोलक्यात खोचली. काउंटर पुसून, ग्लास धुऊन पालथे घालून निघाले. पंपाला हात लावला नाही, त्यामुळे त्या दिवशी फोनही येणार नव्हता. धुक्यातून बस गेली.

लांब टेबल, गालिचा, भिंतीवर मेलेल्या मालकांची चित्रं. मोठे साहेब मध्ये, पांढऱ्या मिशा. प्रत्येकापुढे गॅसच्या बियरचा ग्लास.

“मिसेस मिजली, तुमचीच गिऱ्हाईकं तुमच्या बियरला नावं ठेवतात,” मोठे साहेब म्हणाले.

“साहेब, तुम्ही लग्न केलंय?”

“हो. का?”

“घरी जाऊन बायकोला विचारा, नवरा कसा आहे. मग ती म्हणाली की दगड आहे, तर आम्ही तुम्हाला काढून तिथे गॅसचा डबा बसवायचा का? रोज येतात हो माझी माणसं! पावसात, बर्फात, काठी टेकत येतात. मत बघायचं तर पाय बघा त्यांचे, तोंड काय बघता?”

कोणीतरी खोकलं. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी प्रेस्टविचकडे बघितलं. “तुमचं मत?”

प्रेस्टविच उठले. “सर, मला असं वाटतं की...” आणि बाहेर चर्चच्या घड्याळाचे ठोके पडायला लागले. आमची उघडायची वेळ.

ते थांबले. डोळे मिटले. गळ्याची गाठ हलली... एकदा, पुन्हा. समोरच्या गॅसच्या ग्लासला त्यांनी हात लावलेला नव्हता, हात दोन्ही टेबलावर होते. खोलीत हॉप्सचा, बियरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडवट गोड वास भरला, आणि मागून ओली लोकर. प्रेस्टविचच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सावकाश, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या कोरड्या वरच्या ओठावर पांढऱ्या फेसाची रेघ उमटली.

प्रेस्टविचनी मनगटाने ओठ पुसला. “आजवर... अशी कधी लागली नव्हती,” एवढंच बोलले आणि मटकन खाली बसले.

मोठे साहेब त्यांच्या ओल्या बाहीकडे बघत होते. मग त्यांनी आपल्यापुढचा ग्लास बोटाने दूर सारला.

“शटलचे पंप राहू द्या,” ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. “आणि खिडकी उघडा कोणीतरी.”

बस थांब्यापर्यंत प्रेस्टविच सोडायला आले. रंग परत आला होता, शीळही घालत होते. “खुर्चीमागचा गेला,” म्हणाले. “आज संपल्याबरोबर गेला. मिसेस मिजली, खरं सांगा, आजचा ग्लास कोणी ओढला? तुमच्यापेक्षाही हात चांगला आहे हो.”

रागच आला मला. “कोणी नाही,” म्हटलं. “कुलूप आहे. किल्ली इथे आहे.” आणि म्हणता म्हणता पोलक्यातली किल्ली चाचपून बघितली.

दुपारी गल्लीत शिरले, तर सगळी मंडळी धुक्यात पबच्या दारापुढे उभी.

“उघड की!” क्लॅरन्स म्हणाला. “सकाळपासून थंडीत मारलंस. आत पंप ओढत बसलीस, आणि आम्हाला दार उघडत नाहीस?”

“मी आत्ता बसमधून उतरतेय, क्लॅरन्स.”

तो माझ्या टोपीकडे, पिशवीकडे बघत राहिला. मिसेस लमनी माझा हात धरला. “आम्ही सगळ्यांनी ऐकलं गं... मूठ कुरकुरत होती.”

कुलूप काढलं. आत काळोख, आणि वास बियरचा, ताज्या. टोकाला जेथ्रोचा ग्लास, तळापर्यंत रिकामा. आतून फेसाची कडी, एकाखाली एक. क्लॅरन्सने टोपी काढली. मग कुणीतरी हसलं, आणि मी पंप राहिल्याचं सांगितल्यावर छप्पर उडेल एवढा दंगा झाला. त्या दिवशी मिसेस लम चक्क म्हणाल्या, “वाईट नाही हं बियर.” सगळ्यांनी त्यांना गप्प केलं.

त्या दंग्यात मी काउंटरमागे गेले. तिथे दुसरा ग्लास होता. गिऱ्हाइकांच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला, जिथे मी उभी राहते तिथे. काठोकाठ भरलेला. काचेवर अंगठ्याचा ठसा, निळा.

प्रेस्टविचना पुढे कधी चव आली नाही. जेथ्रो रोज आपला ग्लास संपवतो. सगळं पहिल्यासारखं आहे. तो दुसरा ग्लास मी प्यायले नाही, ओतूनही दिला नाही. मला कशाची भीती नाही, पण प्रेस्टविचचा गळा हलताना मी पाहिलाय. वर बशी झाकून मागच्या फळीवर ठेवून दिला. त्याला आता किती वर्षं झाली, मोजलेली नाहीत.

मघाशी धूळ पुसताना बशी उचलली. फेस अजून फुटतोय.