तीन नंबरच्या छपरावरचं मिग

"पुन्हा तिथंच!" शेजारचा नीलेश ओरडला.

सारिकाने रिमोटची काडी पुढे दाबून धरली, तरी मिग उसळलंच. टेकडीच्या उतारावर ते एखाद्या शहाण्या पोरासारखं सरळ उडत होतं. पण खालच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, तीन नंबर गोदामावर गेलं, की कुणीतरी पोटाखालून टप्पल मारल्यासारखं हातभर वर जायचं. कालही तसंच झालं होतं. नाक हलकं असेल म्हणून तिने काल रात्री नाकात आणखी शिसं घातलं, पण उपयोग शून्य!

आता मिग म्हणजे काही खरंखुरं लढाऊ विमान नव्हे. नाहीतर नरडाण्याजवळच्या या एवढ्याशा गावात पोलीसच आले असते. हे होतं थर्माकोलचं, दीड मीटर लांब, हुबेहूब मिग-२१ सारखं. फक्त इंजिन नाही आणि आवाजही नाही. सारिकाने फोटोंवरून मापं काढली, दहापट लहान करून कागदावर आखली, तापल्या तारेने थर्माकोल कापला आणि वरून रुपेरी टेप चढवली. दोन महिने हाच उद्योग. पहिली दोन विमानं बाभळीत घुसून संपली होती. भुसावळचा मामेभाऊ नवल दिवाळीच्या सुट्टीत आला, तेव्हा त्याने आपला जुना रिमोट आणि पंखांची पाती हलवणाऱ्या दोन चिमुकल्या मोटरी आणल्या. पहाटे उगवतीचा वारा सुटतो, टेकडीला धडकतो आणि उताराने वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर विमान सोडलं, की ते तासभरसुद्धा खाली येत नाही.

जिनिंगवाले खाली बसून फुंकर मारत असतील, असं नीलेशचं मत पडलं. नवल नववीतला, म्हणजे हुशारीचा मक्ता त्याच्याकडे. तो म्हणाला, की तापलेल्या पत्र्यावरून गरम हवा वर जाते आणि विमान उचलते, त्यात काय एवढं? सारिकाने उगवतीकडे पाहिलं. अजून सूर्य उगवायचा होता. थंडीने तिघांचेही दात वाजत होते.

"तापवलं कुणी?" तिने विचारलं.

तिने मिग हळूच आणून गवतात उतरवलं आणि डोळे बारीक करून खाली बघितलं. जिनिंगच्या चारही छपरांवर दव पडलं होतं. पत्रे ओले, चकचकीत. फक्त तीन नंबरच्या मधोमध बैलगाडीएवढा तुकडा कोरडा ठणठणीत होता.

तिचे आजोबा, भिकनआबा, रोज पोरांबरोबर टेकडीवर येऊन कानटोपीत बसून राहत. त्यांनी तीस वर्षं जिनिंगच्या प्रेसवर कापसाच्या गाठी बांधल्या होत्या. तिने त्यांना तो कोरडा तुकडा दाखवला, तशी त्यांनी विडी टाकूनच दिली.

"पोरी, गाठना पोटमा इस्तो शे," आबा म्हणाले. "वरथीन बठ्ठं थंडंच दिखस."

गाठीच्या पोटात विस्तव! मग उतरता उतरता त्यांनी सांगितलं. यंत्रात खडा आला तर ठिणगी उडते. ती ठिणगी कापसाबरोबर गाठीत दाबली गेली, तर आठ-आठ दिवस आतल्या आत धुमसत राहते. एक गाठ दुसरीला पेटवते, बाहेर फारसा धूरही दिसत नाही, आणि एक दिवस वारा लागला की सगळं एकदम भडकतं. सारिका धावतच उतरू लागली. तीन नंबरच्या भिंतीला लागूनच बायकांची खोली होती. तिची माय, कोकिळा, तिथे कापूस निवडायला जायची आणि दोन वर्षांच्या बाळ्याला त्याच खोलीत झोळीत झोपवायची. दिवाळीनंतर आज जिनिंग पुन्हा सुरू होणार होती, आठ वाजता.

मॅनेजर बन्सीलालशेठ केबिनमध्ये देवाच्या फोटोला ओवाळत होते. उदबत्त्यांचा असा धूर केला होता, की शेजारी गोदाम जळालं असतं तरी वास आला नसता. दाराबाहेर आग विझवायच्या लाल बादल्या ओळीने टांगलेल्या, आणि त्यांत वाळूऐवजी तुळशी अन् झेंडू लावलेले. आबांनी हात जोडून गोदाम उघडायला सांगितलं. शेठ हसले. कुलूपबंद गोदामात कशाची आग, गाठी छपरापर्यंत रचून ठेवल्यात, त्या उपसायला कुणाला वेळ आहे, आणि पोरांच्या खेळण्यावरून कारखाना चालवायचा का, असं बरंच काही बोलले.

"आणि ते तुमचं विमान माझ्या छपरावर पडलं ना, तर माझ्या हाताने मोडून चुलीत घालीन!"

फाटकातून बायका आत यायला लागल्या होत्या. सारिकाने मायला गाठलं. माय म्हणाली, की शेठ सांगतात काही नाही, तर काही नसेल. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी खाडा केला तर उद्यापासून घरीच बसावं लागेल. बाळ्याला खांद्यावर टाकून ती आत गेलीसुद्धा. सारिकाला रडूच फुटलं.

पण रडता रडताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेठ स्वतःच तर बोलले होते!

"नवल, मी मिग छपरावर उतरवते. ते काढायला शेठ शिडी लावणारच, मग पत्रा हाताला लागेलच."

नवल म्हणाला, वेडी झालीस का, दोन महिने गेलेत त्यात. नीलेशने तर मिगला मिठीच मारली. आबांना फाटकाशी थांबायला सांगून तिघं टेकडीवर धावत सुटली.

नीलेशने फेकलं. मिग वाऱ्यावर चढलं, उन्हात रुपेरी चमकलं. इतकं सुंदर ते आजवर कधीच उडालं नव्हतं. तीन नंबरवर खालून टप्पल बसली. तिने नाक खाली दाबलं, पुन्हा उसळलं, पुन्हा दाबलं, आणि मिग खडखडत जाऊन बरोबर त्या कोरड्या तुकड्यावर पोटावर पडलं.

शेठ बोंबलत केबिनबाहेर आले. पोरं खाली पोचेपर्यंत त्यांनी चिंधा हमालाला शिडीवर चढवलाही होता. चिंधाने पत्र्यावर तळहात टेकला आणि हात झटकत अशी किंकाळी मारली, की अख्खं आवार थांबलं. पंख धरून त्याने मिग खाली आणलं. पोटावरची टेप आक्रसून गोळा झाली होती आणि थर्माकोल वितळून खोलगट बसला होता. शेठनी त्या पोटावर बोट ठेवलं आणि चटकन काढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ते किल्ली घेऊन दाराकडे धावले, तर आबा आडवे उभे राहिले. दार उघडलं की वारा आत जाईल आणि भडका उडेल. आधी बायका-पोरं बाहेर काढा, पाणी आणा, मग उघडा, असं त्यांनी ठणकावलं. तीस वर्षं खालमानेने काम केलेल्या माणसाचा तो आवाज ऐकून शेठसुद्धा मागे सरले. सारिका मात्र कुणाचं काही ऐकायला थांबली नव्हती. खोलीतली भिंत हाताला कढत लागत होती. तिने झोळीतून झोपलेला बाळ्या उचलला, मायचा हात धरला आणि फाटकाबाहेर जाऊनच श्वास घेतला.

बंब आला, गावातले फवारणीचे टँकर आले, तेव्हा कुठे दार उघडलं. भस्सकन धूर निघाला आणि जीभ काढावी तशी एक ज्वाळा, पण पाणी तयार होतं. दुपारपर्यंत चौदा गाठी बाहेर ओढल्या. वरून पांढऱ्याशुभ्र गाठी, आणि फोडल्या तर आत लाल निखारा! बंबावरचा साहेब म्हणाला, की आज संध्याकाळपर्यंत भिंत टिकली नसती, आणि हे कळलं कुणाला? आबांनी तिन्ही पोरांना पुढे ढकललं. साहेबाने टोपी काढून सारिकाच्या डोक्यावर ठेवली. जिनिंगचे मालक धुळ्याहून आले, त्यांनी पोरांची पाठ थोपटली आणि बायकांची खोली गोदामापासून लांब बांधायचं सगळ्यांसमोर कबूल केलं. बन्सीलालशेठ एका कोपऱ्यात बसून बादल्यांतल्या तुळशी उपटत होते.

आठवड्याने मिगला नवं पोट बसलं. त्या पहाटे टेकडीवर चौघांच्या मागून आणखी कुणीतरी धापा टाकत चढत होतं. बाळ्याला कडेवर घेतलेली माय! दोन महिने सारिका बोलवायची आणि तिचं एकच उत्तर असायचं, "माले येळ नही." आज काही न बोलता तिने बाळ्याला आबांकडे दिलं, पदर खोचला आणि मिग उचललं. गाठोडी फेकून फेकून तयार झालेला तो हात. विमान असं सुटलं, की नीलेशने आ वासला.

मिग दूरवर गेलं, तीन नंबरवर पोचलं आणि जराही न उसळता सरळ पुढे गेलं. माय मात्र विमानाकडे बघतच नव्हती. ती कपाळावर हात धरून खाली बघत होती. चारही छपरांवर सारखंच दव पडलं होतं.