पिठाची ॲलर्जी

दम्याच्या ओपीडीच्या दारात तो माझ्यावर आदळला, आणि माझ्या पांढऱ्या कोटावर पिठाचे दोन पंजे उमटले.

"सॉरी... डॉक्टर..." तो धापा टाकत म्हणाला.

"बोलू नका. बसा आधी."

बेकरीवाला होता. भावाबरोबर वडिलांची बेकरी चालवायचा. मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. पुढच्या आठवड्यात आमच्या विभागप्रमुख मॅडमनी त्याची ॲलर्जीची चाचणी माझ्यावर सोपवली. त्याच्या हातावर मी पेनाने खुणा केल्या, थेंब टाकले, सुई हलकेच टोचली.

"वीस मिनिटं खाजवायचं नाही. घड्याळाकडे बघत बसा."

"घड्याळाकडेच?"

तो बघत होता भलतीकडेच... आणि मला ते कळत होतं.

गव्हाच्या थेंबाखाली टपोरी गांध उठली.

मग दर मंगळवारी तो श्वास मोजायला येऊ लागला.

"जोरात फुंका."

"ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस मी. मला फुंकायला शिकवताय?"

नंतर कॅन्टीनमध्ये चहा व्हायचा. पण मास्क झाला, औषधं झाली, तरी आकडा घसरतच होता.

"काम सोडायला सांग त्याला," मॅडम म्हणाल्या. "तुझं ऐकेल तो."

मी सांगितलं.

"मामांचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. लांब आहे... बोलावतायत." बाही खाली करत त्याने विचारलं, "जाऊ?"

"जायलाच हवं. तुमची फुप्फुसं—"

"फुप्फुसांचं कळलं. मी तुम्हाला विचारतोय."

शेजारच्या टेबलाशी मॅडम होत्या. परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी मान खाली घालून त्याच्या कागदावर लिहीत राहिले. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी.

"बरं," तो म्हणाला. आणि गेला.

वर्षभराने धीर करून मी फोन केला. तो न थांबता, न खोकता बोलत होता. मला इतकं बरं वाटलं, की शब्दांकडे लक्षच नव्हतं.

"...गेल्या महिन्यात लग्न झालं."

"अरे वा," मी म्हणाले.

"त्या दिवशी 'थांबा' म्हणाला असतात, तर थांबलो असतो," तो हसला. "बसलो असतो खोकत."

मीही हसले.

'थांबा' मला म्हणायचंच नव्हतं. फोन ठेवल्यावर, खोलीत कुणी नसताना, म्हणायचं होतं ते मी म्हणून पाहिलं— "जा, परीक्षा झाली की मीही येते."

एका दमात म्हणून झालं.