माझ्याआधी पोचणारा नंबर

तुम्ही फोन लावता तेव्हा समोरचा माणूस कुठे आहे, हे आमच्या नेटवर्कला आधी शोधावं लागतं. सगळ्या टॉवरवरून एकदम हाका मारल्या तर फार ताण येतो. म्हणून माणूस या वेळी कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढ्याच तीन ठिकाणी हाक द्यायची, असा प्रोग्रॅम मी लिहिला. चाचणीला बाबांचा नंबर घेतला. बाबा म्हणजे चालतं घड्याळ. सकाळी बाग, अकराला वाचनालय, दुपारी घर.

"माझ्यावर कसले प्रयोग करतोस रे?" ते हसायचे. अंदाज कधी चुकायचा नाही. मला कोण अभिमान!

एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी बाबा न सांगता माझ्या ऑफिसकडे निघाले आणि वाटेत एका बंद इमारतीच्या जिन्यात कोसळले. त्याच वेळी मी त्यांना फोन लावत होतो. नेटवर्कने बागेत हाक मारली, वाचनालयात मारली, घरी मारली. जिन्यात फोन वाजलाच नाही. वाजला असता तर रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी ऐकला असता. लोक म्हणतात, हार्ट अटॅकपुढे कुणाचं काय चालतं? मी नुसती मान हलवतो. तीन ठिकाणी माणूस नाही सापडला तर सगळीकडे जाणारी चौथी हाक मीच काढून टाकली होती, हे कुठल्या तोंडाने सांगू?

नंबर बंद केला. सिम माझ्या हाताने कापलं. सहा महिन्यांनी, परवा, शेजारच्या टेबलावरची सहकारी दबक्या आवाजात म्हणाली, "अरे... तुझ्या बाबांचा नंबर अजून चाचणीच्या यादीत कसा?"

तो नंबर कुठे सापडला, याच्या रोजच्या नोंदी होत्या. माझं ऑफिस, माझ्या डॉक्टरांचा दवाखाना, माझं केस कापायचं दुकान. प्रत्येक ठिकाणी मी पोचायच्या अर्धा तास आधी.

काल दुपारी मी मुद्दाम भलत्याच बसमध्ये चढलो आणि शेवटच्या थांब्यावर उतरलो. अनोळखी वस्ती, ताज्या डांबराचा वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सायकल दुरुस्तीचं एक दुकान तेवढं उघडं होतं. दुकानदाराने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"चेहरा अगदी तोच... तुमचे वडील आत्ताच उठून गेले. अर्धा तास बसले होते या बाकावर."

मी विचारलं, "काही... म्हणाले?"

"मुलगा येईल म्हणाले. भांडणात माझंच चुकलं, एवढंच त्याला सांगायचंय म्हणाले. सारखा फोन लावत होते हो बिचारे... पण लागतच नव्हता."

माझ्या हातातल्या फोनला रेंज पूर्ण होती. माझा नंबरही त्याच प्रोग्रॅमवर होता; हाका माझ्या नेहमीच्या तीन ठिकाणी जात असणार.