भुरीचं औषध की बर्फाचं?

"औषध घातलं का?"

मागून आवाज आला. मी वळूनही न बघता म्हटलं, "हो, पहाटेच. भुरीवर."

"भुरी?... ही कोण?"

आई गं! दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेत औषध मारून मी थेट ओझरला हँगरवर आले होते. अंगाला गंधकाचा वास, डोक्यातही बागच. आणि समोर नवा पायलट, गालातल्या गालात हसत. तो विचारत होता विमानाच्या इंधनातल्या औषधाबद्दल!

"द्राक्षावरचा रोग आहे तो," मी फणकारले. "आणि तुमचं औषध अजून यायचंय, कॅप्टन."

"हर्षल म्हणा. तुनं नाव काय शे?"

"योगिनी. सटाण्याचे का?"

"कशावरून?"

"त्या अहिराणी 'शे'वरून!"

त्याचं छोटं विमान डिझेल इंजिनाचं, जेटच्या इंधनावर चालणारं. ते घेऊन तो लेहला जाणार होता, बर्फाची पाहणी करायला. इंधनात थोडं पाणी असतंच. वर कडाक्याच्या थंडीत त्याचे बर्फाचे कण होतात, फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिन उपाशी मरतं. तसं होऊ नये म्हणून हे औषध. आमच्याकडचा डबा कुणीतरी उघडा ठेवलेला, औषधानं हवेतली ओल ओढून घेतली असणार. मी तो बाद केला. नवे डबे मुंबईहून यायचे होते, आणि माझ्या, म्हणजे देखभाल इंजिनिअरच्या, सहीशिवाय विमान हलणार नव्हतं.

तेव्हापासून माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. हर्षल चहा घेऊन यायचा, विमानाभोवती उगाच फेऱ्या मारायचा. मी पान्हा शोधायचे... तो हातातच असायचा. गंगापूर रोडला मिसळ खाताना त्यानं न विचारता माझ्या रश्श्यात लिंबू पिळलं. एरवी मी भांडले असते. तेव्हा नुसती बघत बसले.

"आमचे साहेब म्हणतात, औषधाशिवाय जा," एक दिवस तो म्हणाला. "नाशिकला कुठं बर्फ पडतंय, म्हणे!"

"नाशिकला नाही पडत. तुम्ही पडाल!"

"योगिनी, खरं सांग... इंधनासाठी अडवतेस, की—"

"इंधनासाठीच!"

मी इतकी जोरात ओरडले, की छपरातली कबुतरं उडाली. खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं.

दुसऱ्या दिवशी डबे आले. कपाटात ढकलावेत, कुणाला कळणारे? आलं मनात, का खोटं बोलू! पण त्याच्या टाकीत औषध नाही आणि तो डोंगरांवर आहे, हा विचार आला. डबे उचलून तडक विमानाकडे गेले.

बागेतल्या फवारणीच्या टाकीत ओततो तसं हे एकदम ओतून चालत नाही. वाहत्या इंधनातच हळूहळू सोडावं लागतं. मी हातमोजे चढवले. हर्षलनं नळी धरली.

"रडतेस?"

"इंधनाचा वास झोंबतोय."

"योगिनी..."

"मला तू जायला नकोयस!" सुटलंच तोंडातून. "आणि मीच तुझ्या जायची सोय करतेय. डोकं फिरलंय माझं!"

इंधन भरून झालं, त्यानं नळी गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाला, "परत आलो की आईला घेऊन दिंडोरीला येतो. कांदेपोहे करशील?... कांदे आमच्या शेतातले आणतो."

"आधी धड उतर. मग पोह्यांचं बघू."

वाटेत पुन्हा इंधन भरताना लागतील म्हणून उरलेले डबे त्याच्यासोबत दिले, सही केली आणि विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण घरात पाय ठरेना. चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आई म्हणाली, "बाई गं, लक्ष कुठाय तुझं?" मी दारात जाते, परत येते, फोन बघते... दुपारी एकदाचा वाजला!

"उतरलो लेहला. हाडं गोठवणारी थंडी आहे."

"इंजिन?"

"एकदाही अडखळलं नाही."

"आणि तू?"

"मी... मीच अडखळतोय गं. तुझ्या आईशी काय बोलायचं, काही सुचत नाहीये. जरा वेळ दे—"

वेळ? इतकी तडफड झाल्यावर माझ्यात दम उरला होता कुठं!

मी फोन सरळ आईच्या हातात दिला.